टाकी फुल्ल झाली हे नोझलला कळतं कसं?

मार्च संपत आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. तापमान वाढतंय, गाडीची पेट्रोलची टाकी फुल्ल करू नका, अर्धीच भरा नाहीतर स्फोट होईल, आणि दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस बाहेर जाऊ द्या. खाली इंडियन ऑइलचं नाव. इंडियन ऑइलनं याचा जाहीर खुलासा केलेला आहे, की गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी उन्हाळ्यात काय नि हिवाळ्यात काय, कधीही भरा, काही होत नाही. तरी मेसेज फिरतोच, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण लोक घाबरून झाकण उघडून ठेवतात आणि जे धोक्याचं नव्हतं ते धोक्याचं करून ठेवतात.

आधी उष्णतेचं बघू. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. चंद्रपूरला ४७ अंश असतानाही त्याच्या जवळपास आपण जात नाही. ठिणगी पडली तर? पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते, त्याहून कमी असेल तरी नाही आणि जास्त असेल तरी नाही. बंद टाकीत पेट्रोलच्या वरच्या जागेत काय असतं? ३८ अंशांना पेट्रोलच्या वाफेचा दाब ६० किलोपास्कलच्या आसपास जातो, वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल, म्हणजे त्या जागेत निम्म्याहून जास्त वाफच आणि हवा कमी. ७.६ टक्क्यांच्या किती पुढे गेलो बघा. जळायला ऑक्सिजनच पुरत नाही. आता झाकण उघडून 'गॅस जाऊ दिला' की तीच वाफ बाहेरच्या हवेत मिसळते आणि टाकीच्या तोंडाशी बरोबर पेटण्याजोगं मिश्रण तयार होतं. शिवाय ती वाफ म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं पेट्रोल आहे, आणि तिच्यात बेंझिन हे कॅन्सरकारक रसायन असतं, ते छातीत कशाला घ्यायचं.

पण त्या मेसेजमध्ये एक खरी गोष्ट दडलेली आहे, पेट्रोल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण ०.१ टक्का. जमिनीखालच्या टाकीतलं २८ अंशांचं ३७ लिटर पेट्रोल गाडीत भरलं आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहून ते ४५ अंशांवर गेलं, तर ते अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच फुगेल. हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत नाही असं थोडंच आहे! म्हणून प्रत्येक टाकीत वर एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, फुगायला आणि वाफेला. पुस्तिकेत ३७ लिटर लिहिलेल्या गाडीत ४० लिटर बसलं म्हणून पंपावर भांडणारे लोक मी बघितलेत. पंपवाला चोर असेलही, पण नुसत्या या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही. ती राखीव जागा आणि भरायच्या नळीतली जागा त्या ३७ मध्ये धरलेली नसते, आणि ऑटो कटनंतरही, म्हणजे टाकीत खुपसलेलं नोझल आपोआप बंद झाल्यावरही, दाबून दाबून भरलं तर तीच जागा भरत जाते.

आता खरी मजा. ती जागा मोकळी राहिली पाहिजे हे कुणी सांभाळायचं? ते काम नोझलमधली ऑटो कटची यंत्रणा करते, आणि तिला ना वायर ना सेन्सर ना चिप. नुसता पेट्रोलचा प्रवाह, एक रबरी पडदा आणि दोन-तीन स्प्रिंगा. मला विचाराल तर रोज डोळ्यासमोर असूनही कुणी न बघितलेलं हे सगळ्यात देखणं यंत्र आहे.

पुढच्या वेळी नोझल बाहेर काढतील तेव्हा तोंडापाशी बघा, मोठ्या नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक दिसेल. त्या भोकातून एक बारीक नळी मोठ्या नळीच्या आतूनच मागे हँडलपर्यंत जाते आणि एका छोट्या कप्प्यात उघडते. या कप्प्याची एक बाजू म्हणजे रबरी पडदा. आणि याच कप्प्यातून काही बारीक छिद्रं पेट्रोलच्या मुख्य वाटेत उघडतात, तेही नेमकी जिथे ती वाट अगदी अरुंद केलेली असते तिथे.

अरुंदच का? शाळेत बर्नोलीचं तत्त्व शिकलेलो असतो आपण, डॅनियल बर्नोलीनं १७३८ मध्ये मांडलेलं. द्रव वेगानं वाहिला की त्याचा दाब कमी होतो. मिनिटाला ३०-४० लिटर पेट्रोल त्या अरुंद फटीतून जायचं म्हणजे त्याला वेग वाढवावाच लागतो, वेग वाढला की तिथला दाब पडतो, पार वातावरणाच्या दाबाच्याही खाली, आणि ती छिद्रं कप्प्यातली हवा ओढायला लागतात. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंटुरीनं १७९७ मध्ये अशा अरुंद वाटेतल्या प्रवाहावर लिहिलं, म्हणून या रचनेला व्हेंटुरी म्हणतात. जुन्या स्कूटर-मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरमध्येही हेच, फक्त तिथे हवा वाहते आणि पेट्रोल ओढलं जातं, इथे पेट्रोल वाहतं आणि हवा ओढली जाते.

टाकी भरत असताना कप्प्यातून जेवढी हवा ओढली जाते तेवढी टोकाच्या भोकातून आत येत राहते, त्यामुळे कप्प्यातला दाब फारसा पडत नाही आणि पडदा शांत असतो. मग पेट्रोलची पातळी चढत चढत त्या भोकापर्यंत येते आणि भोक बुडतं. हवा बंद. व्हेंटुरीला त्याचं काय, ती ओढतच राहते. उसाच्या रसाच्या ग्लासातून स्ट्रॉ बाहेर काढून नुसतीच हवा ओढत बसा आणि मध्येच खालच्या टोकावर बोट दाबा, गाल कसे एकदम आत खेचले जातात, तसा तो पडदा खेचला जातो. पडद्याला एक पिन जोडलेली असते आणि ती पिन काही बारीक गोळ्यांना बाहेर रेटून धरते, या गोळ्यांमुळे एक दांडा जागेवर अडकलेला असतो, आणि आपण जो खटका दाबतो त्याचा टेकू म्हणजे हा दांडा. पिन सरकली की गोळ्या आत पडतात, दांडा सुटतो, खटक्याचा टेकू जातो, आणि मुख्य झडपेवरची स्प्रिंग झडप धाडकन बंद करते. टक्!

म्हणूनच टक् झाल्यावर खटका दाबून धरला तरी पेट्रोल येत नाही. टेकूच नाही तर तरफ कशी चालेल? खटका पूर्ण सोडला की दांडा परत जागेवर येतो, गोळ्या अडकतात, मगच परत चालू करता येतं. जबरदस्तीनं पुढे भरायचं तर माणसाला मुद्दाम पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, रचनाच तशी आहे. आणि हो, ती ओढलेली हवा पेट्रोलबरोबर बुडबुड्यांच्या रूपात टाकीत जाते, पण मीटर मागे मशीनमध्ये असतो, त्यामुळे त्या हवेचे पैसे आपल्याला लागत नाहीत.

एक बारकावा मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. ओढ वेगावर अवलंबून आहे, तीही वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग निम्मा झाला की ओढ चौथाई. बनवणाऱ्यांनी त्यावर उपाय म्हणून त्या फटीत स्प्रिंगवर बसवलेली चकती ठेवलेली असते, प्रवाह कमी झाला की फट स्वतःच लहान होते आणि वेग बऱ्यापैकी टिकतो. पण यालाही मर्यादा आहे. अगदी बारीक धार सोडली तर पडदा खेचण्याइतकी ओढ तयारच होत नाही आणि ऑटो कट होईलच याची खात्री राहत नाही. आता आठवा, टक् झाल्यावर 'राऊंड फिगर करतो' म्हणून पंपावरचे दादा काय करतात? खटका हलकासा दाबून बारीक धार सोडतात. म्हणजे टाकी काठोकाठ असताना, नेमकं जेव्हा या संरक्षणाची गरज सगळ्यात जास्त, तेव्हाच ते सगळ्यात कमकुवत असतं. पेट्रोल पेंटवर ओघळतं ते असं. पैसे यूपीआयनं द्यायचे असतील तर २,३४७ रुपये काय आणि २,४०० काय, राऊंड फिगर पाहिजे कुणाला?

पण ओघळणं हे छोटं नुकसान. मोठं नुकसान दिसत नाही. भरताना टाकीतली वाफ आणि हवा बाहेर जायला वर एक वाट असते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये या वाटेवर तरंगणारी झडप असते. पातळी ठरलेल्या उंचीला आली की झडप बंद होते, वाफेला जायला जागा नाही, टाकीतला दाब वाढतो आणि पेट्रोल भरायच्या नळीत वर चढून नोझलच्या भोकाला लागतं. म्हणजे टाकी 'फुल्ल' कधी हे पंप ठरवत नाही, गाडी ठरवते आणि नोझलला कळवते. पेट्रोल गाडीत टाकीत साचणारी वाफ कॅनिस्टरमध्ये जाते, म्हणजे सक्रिय कोळसा भरलेल्या डब्यात. या कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग असू शकतो, इतकी त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, आणि त्या पृष्ठभागावर पेट्रोलचे रेणू चिकटून बसतात. इंजिन चालू झालं की त्याच्या ओढीनं कोळशातून हवा खेचली जाते, रेणू सुटतात आणि इंजिनात जाऊन जळतात. टाकी ठासून भरली की वाफेच्या वाटेनं चक्क द्रव पेट्रोल या डब्यात जाऊ शकतं. कोळसा भिजला की चिकटवायला जागा उरत नाही, पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो डबा बदलायचा खर्च त्या राऊंड फिगरच्या कितीतरी पट. डिझेल गाडीत हा कॅनिस्टर नसतो, पण डिझेलला फेस फार येतो, आणि फेस बसल्यावर अजून भरायचा मोह तिथेही टाळलेलाच बरा.

आता पंपावरच्या अजून दोन समजुती पटकन. एक, १०० चं नको ११० चं टाक म्हणजे काटा मारत नाहीत. मशीनमध्ये मीटर फिरतो तसे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजले जातात आणि त्यावरून लिटर आणि रुपये निघतात. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांमध्ये जे चिपचे प्रकार सापडले ते या मोजणीतच फेरफार करणारे होते, मग तुम्ही १०० म्हणा नाहीतर ११०. शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाला मोजून बघण्याचा हक्क आहे. दोन, सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळतं. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं. दोन अंशांचा फरक धरला तरी ३० लिटरवर ५०-६० मिलीलिटर, म्हणजे पाच-सहा रुपयांचं पेट्रोल.

आणि डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडलं तर किल्ली अजिबात फिरवू नका, स्टार्ट करणं तर सोडाच. बऱ्याच गाड्यांत नुसतं इग्निशन ऑन केलं तरी टाकीतला पंप सुरू होतो आणि ते पेट्रोल पुढे ढकलतो. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलच देतं, पेट्रोल ते धुऊन काढतं आणि धातूवर धातू घासतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

शेवटची तक्रार, जी बऱ्याच जणांची असते : टाकी अर्धी असतानाच नोझल टक् टक् करून बंद पडतं. आता यंत्रणा माहीत झाल्यावर कारण तुम्हीच सांगाल, भोकावर कुठून तरी पेट्रोल उडतंय. एकाच पंपावर होत असेल तर नोझल थोडं बाहेर घेऊन किंवा जरासं फिरवून धरायला सांगा, धार नळीच्या भिंतीवर आपटून मागे उडायची थांबते. प्रत्येक पंपावर होत असेल तर बहुतेक गाडीची वाफ बाहेर जायची वाट तुंबलेली असते, त्यामुळे आत दाब साचून पेट्रोल नळीत उलटं येतं. मेकॅनिकला नुसतं 'पेट्रोल जात नाही' न सांगता व्हेंटची, म्हणजे वाफ बाहेर जायची, नळी आणि कॅनिस्टर बघायला सांगा.