बॅचलर पार्टीचं जेवण सांगण्याआधी एवढं वाचा

लग्नाचा सीझन लागला की बेळगावात आमच्या कॅटरिंगला फोन सुरू होतात, "मालक, शनिवार-रविवार मित्राची बॅचलर पार्टी आहे, वीस-पंचवीस पोरं आहेत, झकास करा काय तरी." करतो की, त्यासाठीच बसलोय. खरं आम्ही विचारलं, जेवायला नक्की किती वाजता बसणार, की सगळे गप्प. मग कोण तर म्हणतं नऊ. नऊला आमची गाडी पोचते आणि पहिलं ताट वाढलं जातं साडेबाराला.

सगळा घोळ इथंच होतोय. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा असतो, तो परत खळाखळा उकळला की फुटणारच, आणि मग रात्री एकला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, "मालक, रस्सा फुटलेला दिलाय." भाकरी तोवर वाळलेली, सुकं मटण तीनदा गरम करून चिवट झालेलं, आणि एप्रिल-मे मध्ये ओल्या खोबऱ्याचं काही तीन-चार तास बाहेर राहिलं तर आंबूस वास यायला लागतो, तो कुठल्या कॅटररच्या हातात नाही. शिजवलेलं अन्न गार होत दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, हा साधा हिशोब आहे.

म्हणून मित्र कधी जमणार ते सांगू नका, ताटावर कधी बसणार ते सांगा. पुण्याची गाडी दुपारी निघणार म्हणतात आणि हायवेच्या कामात अडकून रात्री पोचतात, बेंगळूरवाले राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळीच येऊन बसलेले असतात, त्यामुळं सगळे एकदम बसतील ही आशा सोडा. आमचा सल्ला दोन खेपांचा. आठ वाजता पहिली खेप, त्यात चिकन फ्राय, मिरची भजी, उकडलेली अंडी, मसाला शेंगदाणे, भडंग, काकडी-कांदा. अकराच्या सुमारास दुसरी खेप, मटण आणि तांबडा-पांढरा दोन्ही रस्से गरम गरम. दुसऱ्या खेपेचे पैसे वेगळे का म्हणून विचारतात, तर तोवर एक आचारी आणि एक ड्रायव्हर थांबवून ठेवावा लागतो आणि त्यांनाबी घर आहे. भाकरी करणाऱ्या मावशी रात्री दहाला जातात, त्यामुळं उशिराच्या खेपेला चपाती घ्या, ती कापडात गुंडाळून मऊ राहते.

प्रमाणाचं म्हणाल तर नुसतं जेवण असेल तेव्हा किलोभर मटण चार-पाच जणांना लागतं, पण आधी भजी-चिकन पोटात गेलं असेल तर सहा जणांना पुरतं. वीस पोरांना साडेतीन-चार किलो पुरे, आठ किलो सांगू नका, उरलेलं रविवारी कोण खात नाही. भाताला आम्ही बेळगाव बासमतीच वापरतो, किलोला आठ-दहा माणसं धरा.

शनिवारची गंमत वेगळीच. मारुतीचा वार म्हणून पाच-सहा जण तरी शाकाहारी निघतात, त्यांच्यासाठी आम्ही वांग्याची भाजी आणि पनीर पाठवतो, आणि बारा वाजले की "आता रविवार लागला" म्हणत त्यातलेच चार जण मटणावर! त्यामुळं वार पाळणारे किती आणि कायमचे शाकाहारी किती ते वेगवेगळं सांगा. जैन मित्र असतील तर तेल, भांडी, पळ्या सगळं वेगळं ठेवतो, कांदा-लसूण नको असेल तर आधी कळवा.

दारू आम्ही आणत नाही, देत नाही, वाढायला माणूसही देत नाही, आमच्याकडं लायसन नाही आणि त्या भानगडीत पडायचं नाही. खरं हिशोब सांगतो. साडेसातशेच्या बाटलीत साठ मिलीचे बारा पेग होतात, माणशी तीन धरले तर बाटली चार जणांना. गोव्यातनं स्वस्तात आणू म्हणाल तर विनापरवाना आणणं गुन्हा आहे आणि चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या नाक्याला गाड्या तपासतात, नवरदेव तिथंच अडकायला नको. २ ऑक्टोबर, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास, गणपती विसर्जन, या दिवसांत दुकानं बंद असतात, तारीख ठरवताना बघा. लोक हमखास विसरतात ते बर्फ आणि पाणी. माणशी एक किलो बर्फ, आणि रात्रभरात वीस जणांना वीस लिटरचे दोन कॅन. हे दोन्ही आम्ही जेवणासोबत पाठवतो, सोडा आणि लिंबंबी. गच्चीवर असाल तर दहानंतर स्पीकर बंद, नाहीतर शेजारी पोलिसांना बोलावतात आणि आमची दुसरी खेप खाली रस्त्यावर उभी राहते.

रविवारी सकाळचं कुणीच सांगत नाही आणि नऊला फोन येतो, "काय तर पाठवा लवकर." आदल्या दिवशी सांगितलं तर उप्पीट, इडली, ताक, चहाचा थर्मास साडेनऊपर्यंत दारात येतो. दुपारी जड काही घेऊ नका, डाळ-भात आणि सोलकढी, पोरं दुवा देतात. गावाला परतणाऱ्यांसाठी कुंद्याचे, म्हणजे खव्याच्या मिठाईचे, पाव किलोचे बॉक्स पाहिजेत तर तेबी त्याच गाडीत टाकतो.

माणसांचा शेवटचा आकडा गुरुवारी संध्याकाळपर्यंत, निम्मा अ‍ॅडव्हान्स, आणि फोन एकाच माणसानं करायचा. पाच जण पाच ऑर्डरी बदलतात तेव्हा आम्ही अ‍ॅडव्हान्स दिलेल्याचंच ऐकतो. जेवण गरम ठेवायच्या हॉट बॉक्सचं डिपॉझिट रविवारी संध्याकाळी बॉक्स परत आले की लगेच मिळतं, धुऊन द्यायची गरज नाही. फक्त त्यात बर्फ भरून बिअर ठेवू नका, झाकणाचं रबर खराब होतंय आणि ते डिपॉझिटमधनं कापतो.