अस्थिशस्त्रक्रियेतील प्रतिबंधक प्रतिजैविके

हाडांच्या व सांध्यांच्या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून छेद घेण्यापूर्वी रुग्णाला दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना प्रतिबंधक प्रतिजैविके म्हणतात. येथे संसर्ग झालेला नसतो, तो टाळायचा असतो.

कृत्रिम सांधा, पट्टी, स्क्रू किंवा सळई बसवताना याचे महत्त्व फार वाढते. रुग्णाच्या त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू धातूवर चिकटले, की स्वतःभोवती चिकट आवरण (जैवपटल) तयार करतात. त्या आवरणात औषध व शरीराच्या संरक्षक पेशी यांचा प्रभाव फारसा पडत नाही. मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, कित्येकदा बसवलेला सांधाच काढावा लागतो.

सगळे यश वेळेवर अवलंबून असते. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवले, की जंतू टोचण्याआधी किंवा त्याच सुमारास दिलेले औषध संसर्ग रोखते. तीन तास उलटल्यावर दिले तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फ्रान्समध्ये खुबा बदललेल्या 2,137 रुग्णांच्या चाचणीत (1981) सिफाझोलिन (सिफॅलोस्पोरिन गटातील एक प्रतिजैविक) दिलेल्यांत खोल संसर्ग 0.9 टक्के, तर न दिलेल्यांत 3.3 टक्के आढळला.

आजही पहिली पसंती सिफाझोलिनलाच आहे. प्रौढांना साधारण 2 ग्रॅम, वजन 120 किलो वा अधिक असल्यास 3 ग्रॅम, छेदापूर्वीच्या तासाभरात शिरेतून देतात. शस्त्रक्रिया चार तासांपेक्षा लांबली किंवा रक्तस्राव फार झाला तर पुन्हा मात्रा देतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीला टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) आवळण्याआधी पूर्ण औषध शरीरात गेलेले हवे. पट्टा आवळल्यावर दिलेले औषध गुडघ्यापर्यंत पोहोचणार कसे? सिफॅलोस्पोरिनची तीव्र ॲलर्जी असल्यास किंवा मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जंतूंचा धोका असल्यास व्हॅन्कोमायसिन वापरतात. ते सावकाश द्यावे लागत असल्याने छेदापूर्वीच्या दोन तासांच्या आत सुरू करतात. पेनिसिलिनची ॲलर्जी नुसती कागदावर नोंदलेली असली, तरी अशा बहुतेकांना सिफाझोलिन चालते. त्यामुळे नीट विचारपूस न करता ते टाळणे रुग्णाच्या हिताचे नाही.

टाके भरेपर्यंत पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. तिला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या शिफारशींनुसार शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी औषध लांबवू नये. इतर काही मार्गदर्शक सूचना फार तर 24 तासांची मुभा देतात. जास्त दिवस दिल्याने संरक्षण वाढत नाही. अतिसार, मूत्रपिंडाला इजा आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

उघड्या अस्थिभंगाचे (हाड मोडून तिथे जखमही झालेली असते त्याचे) गणित वेगळे आहे. जखमेत माती व जंतू आधीच शिरलेले असल्याने शस्त्रक्रियेची वाट न पाहता, रुग्ण अपघात विभागात येताच, शक्यतो तासाभरात पहिले इंजेक्शन देतात. मात्र औषध हा जखम धुऊन मृत ऊती काढण्याला पर्याय नव्हे.