जॅरोचा दगड आणि आपलं इसवी सन

आपण इ.स. ६८५ असं सहज लिहून मोकळे होतो, पण ही सवय युरोपभर रुजवण्यात ज्याचा मोठा हात होता तो बीड (जिल्हा नाही हो, इंग्लंडमधला साधू) ज्या मठात वाढला, त्या जॅरोच्या शिलालेखावर इसवी सन नाहीच! नॉर्थंब्रियाच्या (उत्तर इंग्लंडमधलं तेव्हाचं राज्य) एजफ्रिथ राजाचं १५वं वर्ष, मठाधिपती चेओलफ्रिथचं ४थं, असं लिहिलंय, आपल्या ताम्रपटांत राज्यवर्ष असतं ना अगदी तसं. चर्च अर्पण केल्याची तारीख २३ एप्रिल, आपल्या हिशोबात इ.स. ६८५. तो दगड अजून तिथल्या चर्चच्या भिंतीत आहे. आणि महिनाही उलटला नाही तोच, २० मेला, हा राजा पिक्ट लोकांशी (आजच्या स्कॉटलंडमधले) लढताना मारला गेला.

मठ उभा केला बेनेडिक्ट बिस्कॉपने. आधी ६७४ला वेअरमथ, म्हणजे आजचं संडरलँड, मग काही वर्षांनी जॅरो, दोन्ही जागा राजानेच दिलेल्या आणि मठ मात्र एकच समजायचा. तिकडे तेव्हा लाकडी बांधकामच जास्त, म्हणून दगडी कामासाठी याने गवंडी आणि काचकाम करणारे थेट गॉलमधून (आजचं फ्रान्स) आणले, पुस्तकं रोमच्या फेऱ्यांतून, आणि गाणं शिकवायला माणूससुद्धा रोमहूनच. हौस बघा!

६८६च्या साथीत जॅरोत स्तोत्रं म्हणू शकणारे दोघेच उरले, चेओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. तो बीडच असावा असं बरेच जण मानतात. मला हे वाचताना दरवेळी कसंतरीच होतं.

याच चेओलफ्रिथने तीन अख्खी बायबलं लिहून घेतली, त्यातलं एक पोपला द्यायला म्हातारपणी ७१६ला स्वतः निघाला आणि वाटेत फ्रान्समधल्या लांग्रला वारला. ते पुस्तक पुढे इटलीत राहिलं, कोणीतरी अर्पणपत्रिकेतलं त्याचं नाव खरवडून दुसऱ्याचं घातलं, त्यामुळे १९व्या शतकापर्यंत सगळे ते इटालियनच समजत होते. आज ते फ्लॉरेन्सला आहे, वजन ३० किलोच्या वर.

७९४ला व्हायकिंग आले, पुढे मठ ओस पडला, ११व्या शतकात परत थोडा जागा झाला. पुरातत्त्वज्ञ रोझमेरी क्रॅम्प यांनी १९६३पासून जॅरोत खणलं तेव्हा मातीत रंगीत काचांचे तुकडे निघाले, त्यातले काही जोडून जॅरोच्या चर्चमध्ये एक छोटी गोल खिडकी बसवलीये.