अर्थिंग जोडणी, व्यापारी इमारतींतील

विद्युत उपकरणांचे धातूचे उघडे भाग व पुरवठ्याचा न्यूट्रल (परतीची तार) जमिनीशी जोडणाऱ्या पट्ट्या, तारा, लिंक (सोडता येणारी जोडपट्टी) आणि खड्ड्यातील इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला धातूचा पाइप वा पत्रा) यांचे सांधे. प्रस्तुत नोंदीत या सांध्यांवरील सुरक्षित कामाचा विचार मराठवाड्यातील जमिनीच्या संदर्भात केला आहे.

जमिनीचा परतीचा वाहक म्हणून वापर जर्मन शास्त्रज्ञ श्टाइनहाइल याने तारायंत्रासाठी १८३८ च्या सुमारास केला, असे सामान्यतः मानतात. काहीजण अर्थिंगचा उगमही तेथेच धरतात. मात्र त्यामागील हेतू दुसरी तार वाचवण्याचा होता. धक्का टाळण्यासाठी यंत्राचे अंग जमिनीशी जोडण्याची रीत विजेच्या सार्वजनिक पुरवठ्यासोबत, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. दोन्ही गोष्टी वेगळ्या धरणेच सयुक्तिक. भारतात आयएस ३०४३ हे भारतीय मानक (१९६६, सुधारित १९८७ व २०१८) आणि १९५६ च्या नियमांची जागा घेणारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम (२०१०, नंतर २०२३) प्रमाण मानले जातात.

मराठवाड्याचा बराच भाग बेसॉल्टचा आहे. गोदाकाठी काळ्या मातीचा थर जाड, तर बालाघाटाच्या माथ्यावर हातभर मातीखाली मुरूम आणि मग खडक लागतो. ओली काळी माती वीज चांगली वाहते, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. पावसाळ्यात समाधानकारक वाटणारा खड्डा उन्हाळ्यात निकामी ठरतो तो यामुळे. म्हणून मोजणी कोरड्या ऋतूतच करावी. तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यात टँकर ओतून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. कोळसा-मिठाच्या थरांनी रोध उतरतो खरा, पण मीठ पावसाने वाहून जाते आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खाते. बेंटोनाइट ही चिकणमाती ओलावा धरते. तेही पूर्ण वाळले की आक्रसते.

खड्डा उत्तम असला तरी तेवढ्याने संरक्षण मिळत नाही. खड्ड्याचा रोध ५ ओहम, पुरवठ्याकडील अर्थिंगचा १ ओहम आणि धातूचा दुसरा परतमार्ग नाही असे धरल्यास २३० व्होल्टचा दोषप्रवाह सुमारे ३८ अँपिअर होतो. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच) तत्काळ पडायला किमान १६० अँपिअर लागतात. तोवर यंत्राच्या अंगावर सुमारे १९० व्होल्ट राहतात. अशा ठिकाणी आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा थोडा प्रवाहही ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

अर्थिंगच्या पट्टीत वीज नसते, हा समज अपघातांच्या मुळाशी आहे. संगणक व यूपीएस यांच्या फिल्टरमधून थोडा थोडा प्रवाह पट्टीत सतत उतरतो. सांधा सुटला की यंत्राकडील टोकावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब (व्होल्टेज) येऊ शकतो. न्यूट्रल तुटून अर्थिंगशी मिसळला असेल तर भाराचा सगळा प्रवाह याच वाटेने जातो आणि उघड्या टोकावर पूर्ण दाब असतो.

त्यामुळे आधी महावितरणचा पुरवठा, जनरेटर, यूपीएस, सौर यंत्रणा हे सगळे मार्ग बंद करून कुलूप व पाटी लावतात. जनरेटरचे आपोआप सुरू होणे विसरू नये. सर्वांत जास्त दगा तेच देते. मग पट्टीभोवती क्लॅम्प मीटर (जोडणी न सोडता प्रवाह मोजणारा चिमटा) धरतात. प्रवाह दिसला तर कारण सापडेपर्यंत नटाला पाना लावत नाहीत. शून्य दिसले तरी लिंक सोडण्याआधी सांध्यावरून तात्पुरती जोडतार लावतात: आधी खड्ड्याकडील टोक, नंतर यंत्राकडील, काढताना उलट. एका वेळी एकच खड्डा सोडावा. हातात विद्युतरोधक रबरी मोजे असावेत. वळवाचे ढग दिसताच काम थांबवावे. चेंबरचे झाकण हुकाने उचलावे, उन्हाळ्यात आत विंचू निघतो.

सांध्याची दोन्ही पाती रंग व गंज खरवडून चकचकीत करतात, किमान दोन बोल्ट व स्प्रिंग वॉशर लावून आवळतात आणि वरून बिटुमेन फासतात. तांबे थेट जीआयवर टेकवल्यास ओलाव्यात जस्त झिजते. कल्हई केलेले तांबे किंवा द्विधातू वॉशर मध्ये घालतात.

संगणकांसाठी वेगळे, अलग अर्थिंग असावे की सर्व खड्डे एकमेकांशी जोडावेत, यावर दुमत आहे. जुने ठेकेदार पहिल्या मताचे. वीज पडल्यावर दोन अलग अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक निर्माण होऊन नेमकी तीच उपकरणे जळू शकतात, हा आक्षेप बळकट आहे. अलीकडची मानके जोडणीच्या बाजूला झुकतात.

खड्ड्याचा रोध मोजण्याच्या चाचणीत प्रवाहाचा खिळा दूर ठोकून दाबाचा खिळा त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर ठेवतात. या वेळी तपासायचा खड्डा लिंक सोडून अलग केलेला असतो. लातूरच्या गंजगोलाईसारख्या दाट पेठेत खिळ्याला जागा मिळत नाही. तेथे क्लॅम्प पद्धतीचा अर्थ टेस्टर वापरतात, पण तो फक्त अनेक खड्डे जोडलेले असतील तेथेच चालतो. एकट्या, अलग खड्ड्यावर त्याचे वाचन निरुपयोगी.