‘निसर्ग’ या मथळ्याखाली: एमिली डिकिन्सनच्या कवितांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिच्या निसर्गकविता म्हणून आज ज्या वाचल्या जातात, त्यांवर ‘निसर्ग’ ही चिठ्ठी तिने चिकटवलेली नाही. ती चिकटली १८९० साली, तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, बॉस्टनहून निघालेल्या पहिल्या संग्रहात. दोघा संपादकांनी कवितांचे चार भाग पाडले: जीवन, प्रेम, निसर्ग, आणि काळ व अनंत. पुढची साठेक वर्षं वाचकांनी तिला याच खणांतून वाचलं.

तिच्या पांढऱ्या कपड्यांबद्दल आणि घराबाहेर न पडण्याबद्दल इतकं लिहून झालंय की ते इथे नको. या विषयापुरती त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तिची वाळवलेल्या फुलांची वही. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला शाळेत असताना तिने ती केली. ६६ पानं, ४२४ नमुने, आणि बऱ्याच नमुन्यांखाली तिच्या हातची शास्त्रीय नावं. त्या काळी तिकडच्या शाळांत मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवत, तेव्हा अशी वही असण्यात नवल नाही. नवल आहे ते तिच्या चिकाटीचं. १८५५मध्ये कुटुंब जुन्या घरी परतलं तेव्हा वडिलांनी घराला लागून काचेची छोटी खोली बांधून घेतली. बर्फाच्या दिवसांतही तिथे तिची झाडं फुलायची. कवितेतली मधमाशी, क्लोव्हरचं रानफूल, रॉबिन पक्षी ही मंडळी पुस्तकातून आलेली नाहीत.

१८५८ ते १८६४ या काळात तिने कविता स्वच्छ उतरवून, कागद सुईदोऱ्याने शिवून चाळीस छोट्या वह्या बांधल्या. त्यांत विषयवारी नाही, कवितांना शीर्षकं नाहीत. पक्षी, मरण आणि देवाशी चाललेली हुज्जत एकाच वहीत सुखाने नांदतात. मग संपादकांनी वाटणी कशी केली? हिवाळ्यातल्या दुपारी तिरप्या पडणाऱ्या उजेडाची कविता घ्या. ती ‘निसर्ग’ भागात गेली. उजेड पहिल्या ओळीत आहे खरा, पण कविता आहे आतल्या आत होणाऱ्या जखमेची, निराशेची. ज्या ओळीत झाड, ऊन किंवा पाखरू दिसलं ती कविता निसर्गाची, असा तो सरळ हिशेब होता.

वादाचा खरा मुद्दा मात्र वाटणीच्याही पुढचा, तिच्या ओळींत केलेल्या फेरफारांचा आहे, आणि तो सापाच्या कवितेत सगळ्यात स्पष्ट दिसतो. गवतातून सरकणाऱ्या सापावरची ही कविता फेब्रुवारी १८६६मध्ये स्प्रिंगफील्डच्या दैनिकात निनावी छापून आली, वर ‘साप’ असं शीर्षक. ती तिने पाठवलेली नव्हती. तिने एका साहित्यिक परिचिताला पत्रात कळवलं की कविता तिच्याकडून लुटून नेली, शिवाय विरामचिन्ह घालून तिसरी ओळ चौथीपासून तोडली. तिच्या लेखी त्या दोन ओळी एकच होत्या. हा परिचित पुढे १८९०च्या संपादकद्वयीतला एक झाला. म्हणजे तिला काय खुपतं, हे त्याला पंचवीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

तरीही १८९१च्या दुसऱ्या संग्रहात याच कवितेवर पुन्हा हात फिरवला गेला. मूळ कवितेत बोलणारा एक मुलगा आहे, अनवाणी, भर दुपारी चालणारा. छापताना मुलग्याचं ‘मूल’ झालं, आणि दुपारची सकाळ झाली. का? तर आधीच्या एका ओळीच्या शेवटी मका आहे, आणि इंग्रजीत मक्याशी (कॉर्न) ‘सकाळ’चं (मॉर्न) यमक चोख जुळतं, ‘दुपार’चं (नून) अर्धवट. पुढच्याच ओळींत उन्हात पडलेला चाबूक समजून तो मुलगा वाकतो आणि चाबूक वळवळत निघून जातो. हे दृश्य भर दुपारचं आहे. साप कुठल्या जमिनीत राहतो, तिथे मका का येत नाही, हे नेमकं जाणणाऱ्या बाईची वेळ यमकासाठी बदलावी, यावर कितीही सहानुभूतीने विचार केला तरी मान डोलवता येत नाही.

संपादकांची बाजू अगदीच लंगडी नाही. पहिल्या आवृत्तीच्या जेमतेम ५०० प्रती छापल्या होत्या. प्रकाशकालाच खात्री नव्हती. त्या हातोहात खपल्या. गुळगुळीत केल्याशिवाय त्या काळात हे पुस्तक चाललं असतं का, सांगणं अवघड. आणि कवयित्रीही शीर्षकांच्या पूर्ण विरोधात होती असं म्हणता येत नाही: १८८३ साली एका प्रकाशकाला कविता पाठवताना तिने त्यांचा उल्लेख ‘माझा रातकिडा’ आणि ‘बर्फ’ असाच केला होता.

पुढे जमिनीच्या एका पट्ट्यावरून कवयित्रीच्या बहिणीत आणि १८९०च्या संपादकद्वयीतल्या दुसऱ्या, म्हणजे संपादिकेत कोर्टकज्जा झाला. हस्तलिखितं दोन घरांत विभागली गेली, शेकडो कविता पेटीत अडकल्या. तिचे डॅश आणि तिची मोठी (कॅपिटल) अक्षरं जागेवर ठेवणारी सगळ्या कवितांची पहिली अभ्यासपूर्ण आवृत्ती थेट १९५५ची. तीत १,७७५ कविता आहेत आणि चार खण नाहीत. १९८१मध्ये शिवलेल्या वह्यांच्या छायाप्रती आल्या, १९९८मध्ये नवी आवृत्ती, २००६मध्ये फुलांच्या वहीची प्रतिकृती, २०१३मध्ये हस्तलिखितं ऑनलाइन. १९१६मध्ये पाडलेली काचेची खोली २०१७मध्ये पुन्हा उभी राहिली. या सगळ्यामुळे अलीकडचे अभ्यासक तिच्याकडे बागकाम आणि वनस्पतिशास्त्र जाणणारी कवयित्री म्हणून पाहू लागले. चार खणांच्या काळात हे सुचणं कठीणच होतं.

अडचण एवढीच की १९५५ आणि १९९८च्या पाठांवर स्वामित्व हक्क सांगितला जातो, १८९०च्या दशकातल्या पाठांवर कोणाचाच नाही. त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या तिच्या बहुतेक पुस्तकांत ‘निसर्ग’ हा भाग अजून आहे, आणि साप अजून सकाळीच भेटतो.