बोका आल्याशिवाय अंडं सुटत नाही

आमच्या इमारतीच्या मागे पार्किंगचे पत्रे आहेत. फेब्रुवारी संपत आला की रात्री दीडच्या सुमारास त्या पत्र्यांवरून असा आवाज येतो की नवा भाडेकरू हमखास खिडकीत येऊन उभा राहतो. तान्हं बाळ रडतंय असंच वाटतं. आजी त्याला अपशकुन म्हणायची. वॉचमनकाकांचा उपाय सोपा होता, पाण्याची बादली. नेमकं कोण ओरडतंय आणि कशासाठी, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

नीट कान दिला तर ते तीन वेगळे आवाज असतात. भाटी, म्हणजे मादी मांजर, लांब ओढलेल्या सुरात पुन्हापुन्हा साद घालते, तो पहिला. दोन बोके समोरासमोर ठाकले की घशातून वर चढत जाणारी गुरगुर येते आणि शेवटी पत्रा दणाणतो, तो दुसरा. तिसरा आवाज म्हणजे एकच तीव्र किंकाळी. ती मिलन संपतानाची असते. आणि खरी गोष्ट या किंकाळीपाशीच सुरू होते.

आधी साद कशासाठी, ते पाहू. भाटी माजावर येते ती दिवसाच्या लांबीप्रमाणे. अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरतं. रात्र जितकी मोठी, तितका वेळ ते पाझरत राहतं आणि अंडाशय निवांत राहतात. दिवस मोठा होऊ लागला की हा लगाम सुटतो. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस ८ तासांहूनही लहान असतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा. मुंबईत सगळ्यांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सगळ्यांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यामुळे तिकडच्या भाट्यांची हिवाळ्यातली सुट्टी पक्की असते, आपल्याकडे ती ढिली पडते. घरातल्या मांजरीला तर रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटचा उजेड असतो, तिच्यासाठी हिवाळा आलाच नाही असं समजा.

पहिला माज साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात येतो, काहींना चौथ्या महिन्यातही. घरच्यांच्या लेखी ती अजून पिल्लूच असते. ती एकाएकी जमिनीवर लोळू लागते, पुढचं अंग टेकवून मागचं उचलते, शेपटी एका बाजूला वळवते, मागचे पाय जागच्या जागी हलवत राहते आणि त्यातच विव्हळते. कंबर मोडली की काय, या भीतीने तिला टोपलीत घालून डॉक्टरकडे धावणारे लोक कमी नाहीत. डॉक्टर हसू दाबत विचारतात, ‘‘ऑपरेशन झालंय का हिचं?’’

हा माज साधारण आठवडाभर टिकतो. त्या काळात बोका भेटला नाही तर थोडे दिवस शांततेत जातात आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हंगामभर हेच चक्र चालतं. बोक्यांना ही बातमी वासाने कळते. भाटीच्या मुताचा वास घेताना बोका तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ उचलून क्षणभर थिजल्यासारखा उभा राहतो. त्याला किळस आलेली नसते. वरच्या दातांमागच्या बारीक नळ्यांवाटे तो तो वास टाळूवरच्या खास गंधेंद्रियाकडे नेत असतो.

प्रत्यक्ष मिलन मिनिटभराचंही नसतं. बोका भाटीची मान दातात धरतो, काही सेकंदांत काम उरकतं, भाटी किंचाळते आणि वळून पंजा हाणते. अनुभवी बोका तोवर हातभर लांब उडी मारून बसलेला असतो. भाटी लोळते, अंग चाटते, आणि दहावीस मिनिटांत पुन्हा त्याच बोक्यासमोर शेपटी बाजूला करून उभी राहते. दिवसभरात हे कितीतरी वेळा घडतं.

किंकाळीचं कारण म्हणून बोक्याच्या शिश्नावरच्या काट्यांकडे बोट दाखवलं जातं. हे काटे खरेच असतात. संख्या १२० ते १५०, लांबी मिलिमीटरच्या आसपास, टोकं मागे वळलेली, नखांसारख्याच केराटिनचे बनलेले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले लेस्टर अ‍ॅरनसन आणि मॅडलिन कूपर यांनी १९६७ साली दाखवलं की वृषणं काढलेल्या बोक्याचे काटे झडत जातात आणि टेस्टोस्टेरॉन दिलं की परत उगवतात.

या काट्यांचं काम काय? प्रचलित उत्तर असं, की काटे टोचतात आणि त्यामुळे अंडं सुटतं. यातला अर्धा भाग अगदी पक्का आहे. भाटीचं अंडं आपोआप सुटत नाही. माणसात आणि गाईत ते ठरलेल्या दिवशी सुटतं, नर जवळ असो वा नसो. भाटीच्या अंडाशयात अंडी तयार होऊन थांबून राहतात. मिलनात योनीमार्गातल्या चेतातंतूंना चेतना मिळते, तो संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला जातो, तिथून पीयूषिका ग्रंथीला, मग रक्तात एलएच या संप्रेरकाची लाट उसळते आणि दिवस-दोन दिवसांत अंडी सुटतात. एका मिलनाने ही लाट बहुधा पुरेशी उंच जात नाही, पाठोपाठ मिलनं झाली की जाते. भाटी दहावीस मिनिटांत परत का येते, ते इथे उमगतं. अपवादही आहेत. काही भाट्यांचं अंडं बोक्याशिवायही सुटतं.

काट्यांबद्दलचा उरलेला भाग मात्र मला तितकासा पटत नाही. प्रयोगशाळेत गुळगुळीत काचेच्या कांडीने चेतना देऊनही भाटीचं अंडं सुटलेलं आहे. माज लांबला की पशुवैद्य कापसाच्या बोळ्याने हेच साधतात. म्हणजे चेतना आवश्यक आहे, काटा नाही. काटा मदत करत असेल, पण सगळं श्रेय त्याच्या पदरात घालायची घाई नको.

अशी थांबलेली अंडी कशाला? उत्तर पूर्वजांच्या राहणीत सापडतं. आपलं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं. ते एकटं राहणारं, एकेकाचा इलाखा मोठा. गाईला कळपात बैल सोबतच असतो. रानमांजरीला नर कधी भेटेल याचा भरवसा नाही, आणि सुटलेलं अंडं फार तर एखाद-दोन दिवस टिकतं. तेव्हा नर आल्यावरच अंडं सोडणं हा शहाणा हिशेब. सशाचाही हिशेब हाच. उंटिणीचाही, पण तिथली किल्ली वेगळी. उंटाच्या वीर्यातलंच एक प्रथिन तिचं अंडं सोडवतं.

एकांतासाठी बेतलेली ही व्यवस्था शहराच्या गर्दीत आली की गंमत होते. एका पत्र्यावर चार बोके जमतात, भाटी तीन-चार दिवस मिलन करते आणि एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघतात. फ्रान्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ल्योन शहरातल्या मांजरांची तुलना खेड्यातल्या मांजरांशी केली होती. शहरात बहुतेक वेतांना एकाहून अधिक बाप होते. खेड्यात बोके विखुरलेले, तिथे असं क्वचितच आढळलं.

हे घरबसल्याही कधीकधी ताडता येतं, डीएनए न तपासता. केशरी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. (डीएनएतला सुमारे ५,००० अक्षरांचा एक तुकडा गळाल्यामुळे हा रंग येतो, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं.) बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो केशरी असतो किंवा नसतो. भाटीकडे दोन. एक केशरी आणि एक काळा आला तर अंगावर दोन्हींचे ठिगळ उमटतात, वर पांढरा मिसळला की तिरंगी मांजर. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते.

आता हिशेब बघा. लेकीला बापाचा एकुलता एक्स मिळतोच. पूर्ण केशरी लेक असेल तर तिचा बाप केशरीच हवा. अंगावर केशरी ठिपकाही नसलेली काळी लेक असेल तर तिचा बाप केशरी असूच शकत नाही. अशा दोन लेकी एकाच वेतात दिसल्या की बाप किमान दोन. आमच्या पार्किंगमधल्या तिरंगी भाटीने गेल्या वर्षी नेमक्या अशाच दोन बहिणी दिल्या. नर पिल्लं तेवढी जमेस धरायची नाहीत, त्यांचा एक्स आईकडूनच आलेला असतो. पूर्ण पांढरी पिल्लंही सोडून द्यायची, पांढऱ्याखाली खरा रंग झाकलेला असतो.

गर्भ साधारण ६५ दिवसांचा. पिल्लं सहसा तीन ते पाच, वजनाला शंभरेक ग्रॅम, डोळे मिटलेली. ते आठवड्या-दीड आठवड्यात उघडतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात कुणी मोजलीत कोण जाणे, पण जागा बदलते हे खरं. एका जागी वास साचतो आणि परका बोका पिल्लं मारू शकतो. पिल्लांचं दूध तुटलं की काही आठवड्यांत, कधी त्याआधीही, भाटी पुन्हा माजावर येते.

शस्त्रक्रियेत भाटीचे अंडाशय काढतात, त्यामुळे साद घालण्याचं कारणच उरत नाही. बोक्याची नुसती शुक्रवाहिनी कापली तर मात्र वेगळंच घडतं. तो मिलन करतो, भाटीचं अंडं सुटतं, पण फळत नाही. तिच्या शरीराला आपण गाभण आहोत असं वाटतं आणि महिना-सव्वा महिना ती शांत राहते. पिल्लं होत नाहीत, किंकाळी मात्र तशीच.

आमच्या सोसायटीने पहिला मार्ग निवडला. तिरंगीच्या कानाचं टोक आता कापलेलं आहे, ऑपरेशन झाल्याची ती खूण. फेब्रुवारीच्या रात्री ती पत्र्यावर पाय पसरून झोपते आणि वॉचमनकाकांच्या बादलीने हल्ली गाड्या धुतल्या जातात.