रोथशिल्ड : आडनावामागचं घर

युरोपातल्या बँकवाल्या रोथशिल्ड घराण्याचं नाव आपल्याकडे बऱ्याचदा 'रॉथ्सचाइल्ड' असं छापून येतं. जर्मनमध्ये त्याची फोड 'रोट' आणि 'शिल्ड' अशी, म्हणजे लाल ढाल. ढाल म्हटलं की सरदार घराणं आणि लढाया आठवतात. इथे तसलं काही नव्हतं. ही ढाल फ्रँकफर्टच्या एका कोंदट गल्लीतल्या घराची खूण होती.

1462मध्ये फ्रँकफर्टने आपल्या ज्यू रहिवाशांना यूडेनगासे या गल्लीत राहायला भाग पाडलं. लांबी सुमारे 330 मीटर, रुंदी तीन-चार मीटर. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना दरवाजे बंद. 1616च्या नियमांनी कुटुंबं 500 आणि वर्षातली लग्नं 12 एवढीच ठेवली. गल्ली वाढवता येईना, म्हणून घरांच्याच फाळण्या होत गेल्या. घरांना क्रमांक नव्हते. लाल ढाल, हिरवी ढाल, काळी ढाल, जहाज, गरुड अशा खुणांवरून ती ओळखली जात, आणि घराची खूण माणसाला चिकटे. कृष्णविवरांच्या गणितामुळे माहीत असलेले कार्ल श्वार्ट्सशिल्ड याच शहरातले. त्यांचं आडनाव काळ्या ढालीचं.

सोळाव्या शतकात या घराण्याचा पूर्वज इसाक एल्खानान लाल ढालीच्या घरात राहत होता. पुढच्या पिढ्यांनी सतराव्या शतकात ते घर सोडलं, तरी नाव टिकलं. मला या इतिहासात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. 1744मध्ये जन्मलेला मायर आम्शेल, बँकेचा संस्थापक, लाल ढालीच्या घरात कधी राहिलाच नाही. व्यवसायात जम बसल्यावर त्याने घेतलं ते हिरव्या ढालीचं घर. मुलं लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, नेपल्समध्ये गडगंज झाली, तरी त्याची बायको गुटले 1849मध्ये वारली तोवर त्याच गल्लीत राहिली.

खरीखुरी मानचिन्हाची ढाल उशिरा आली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने 1822मध्ये मायरच्या पाचही मुलांना बॅरन हा सरदारी किताब दिला. मानचिन्हाच्या मधोमध लाल ढाल होती आणि भावांचे पाच बाण.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गल्ली पाडली गेली. हिरव्या ढालीचं घर तेवढं जपलं होतं, तेही 1944च्या बॉम्बहल्ल्यांत गेलं. आडनाव मात्र पुष्कळ पसरलं आहे, आणि ते लावणाऱ्या अनेकांचा या बँकवाल्या घराण्याशी काडीचाही संबंध नाही.